खोट्या बदकाची खरी किंमत

आमच्या नात्यातला एक मुलगा अमेरिकेत मिनेसोटा राज्यात असतो. तिकडे परवाना काढून बदकांची शिकार करता येते. पाण्यावर प्लास्टिकची खोटी बदके सोडायची, वरून जाणाऱ्या थव्याला वाटते की खाली आपलेच भाऊबंद बसले आहेत, आणि तो उतरतो. आपल्या शेतातले बुजगावणे पाखरांना हाकलते, हे पाखरांना बोलावते. मुलाचे शेजारी त्याला सोबत नेणार आहेत, म्हणून त्याने विचारले, "आजोबा, स्वस्तातली बदके घेऊ की महागातली?" गमतीने विचारले असेल. पण मी मास्तर. प्रश्न आला की उत्तर द्यायचे, ही खोड पेन्शनीत जात नाही.

उत्तर असे की बदकाला किंमत वाचता येत नाही. त्याला वरून तीन गोष्टी दिसतात : आकार, हालचाल आणि उतरायला मोकळी जागा. बदके वाऱ्याकडे तोंड करून उतरतात. म्हणून खोटी बदके मांडताना मधे जागा सोडावी लागते, आणि ती वाऱ्याचा अंदाज घेऊन. हे ज्याला कळते त्याचे स्वस्तातलेही काम भागते. स्वस्त बदके उन्हात चकाकतात आणि तळाला पुरेसे वजन नसले तर कलंडतात, एवढेच त्यांचे खरे दोष. महागात पिसन् पीस रंगवलेले असते, पण ते हातात धरणाऱ्याला दिसते, उडणाऱ्याला नव्हे. बॅटरीवर पंख फिरवणारी बदके मात्र खरोखरच जास्त थवे उतरवतात. इतके, की तिथल्या काही राज्यांनी त्यांच्यावर बंधने घातली.

नेवाडातल्या लव्हलॉक गुहेत १९२४ साली लव्हाळ्याची खोटी बदके सापडली. ती सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची आहेत. तळ्याकाठचे गवत वळून केलेली, पैशाच्या हिशेबात फुकटच. उलट २००७ साली एल्मर क्रॉवेल या कारागिराने कोरलेली दोन लाकडी खोटी पाखरे, एक बदक आणि एक हंस, प्रत्येकी ११ लाख ३० हजार डॉलरला विकली गेली. ती काही कोणी आता पाण्यात सोडणार नाही. गवताच्या बदकाने माणसाचे पोट भरले, लाखाच्या बदकाने दिवाणखाना सजला. किंमत वाढली ती माणसाच्या प्रतिष्ठेची.

इथपर्यंत त्या मुलाचे उत्तर झाले. पुढचे आपल्यासाठी आहे, आणि ते थोडे कडू आहे.

आपल्याकडेही भुलवण्याची विद्या जुनीच. तळ्यात रिकामी मडकी तरंगत सोडायची, बदके त्यांना सरावली की एक मडके डोक्यावर घालून माणसाने पाण्यातून हळूच जायचे आणि बदकाचे पाय खाली ओढायचे. फासेपारध्याची रीत वेगळी. तो पाळलेला तितर पिंजऱ्यात घालून झुडपात ठेवतो, भोवती फासे लावतो. तितर ओरडतो. रानातल्या नराला वाटते, माझ्या हद्दीत हा कोण आला? तो भांडायला धावतो आणि अडकतो. बदक सोबतीच्या ओढीने फसते, तितर अभिमानापायी.

या स्वस्त भुलवणीची आपण काय किंमत केली? इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि पुढे पारध्यांनाही त्यात कोंबले. तो कायदा १९५२ साली गेला, पण आपल्या बोलण्यातून गेला का? आणि महाग शिकारीची काय किंमत केली? १२ नोव्हेंबर १९३८ रोजी भरतपूरच्या घना तळ्यावर व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या शिकारीत एका दिवसात ४२७३ पाखरे मारली गेली. त्याचा आकडा तिथे दगडावर कोरून ठेवला आहे. पारध्याच्या दहा तितरांची नोंद पोलीस ठाण्यात, साहेबाच्या चार हजारांची शिलालेखात!

कोणी म्हणेल, मास्तर, तो काळ गेला. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला, आता सगळे सारखे. कायदा आला हे फार चांगले झाले. पारध्याने आज तितर धरला तर तो गुन्हाच आहे, आणि असावा. पण त्याच कायद्यात शिकारीची व्याख्या एकदा वाचा. केवळ मारणे म्हणजे शिकार नव्हे. फासात पकडणे, हाकणे, आमिष दाखवणे, घरटी-अंडी यांना त्रास देणे, हेही त्यात मोडते.

आता आपल्या नागपूरकर पक्षीमित्रांकडे या. जूनमध्ये नवरंग पक्षी विदर्भाच्या जंगलात विणीला येतो. लगेच लाखालाखाच्या लेन्सा घेऊन मंडळी निघतात. खिशात मोबाईल, हातात छोटा स्पीकर. नवरंगाची शीळ वाजवतात. बिचारा नर घरटे सोडून, खाणे सोडून, हद्दीत घुसलेल्या न दिसणाऱ्या शत्रूशी भांडायला समोर येतो. फोटो झाला की पुढच्या गाडीतले लोक तीच शीळ पुन्हा वाजवतात. हा पारध्याचा तितरच नाही का? फरक एवढाच की पारध्याचा पिंजरा बांबूचा आणि यांचा ब्लूटूथचा.

"पण आम्ही मारत नाही," हे उत्तर मला ठाऊक आहे. खरे आहे, आणि हा फरक लहान नाही. मात्र विणीच्या दिवसांत दहा वेळा खोट्या लढाईला धावणाऱ्या पाखराची अंडी तेवढा वेळ उघडी पडतात, ते कोणाच्या खात्यावर टाकायचे? पारध्याला निदान भूक होती. आपल्याला 'लाइक' हवे असतात. भूक नसलेल्याने भुलवावे आणि त्याला छंद म्हणावे, भुकेल्याने भुलवले तर चोरी, हा न्याय माझ्या मास्तरी डोक्यात बसत नाही.

शिवाय पाखरांची जाण कोणाला जास्त? वाशीम-अकोल्याकडे 'संवेदना' ही संस्था फासेपारध्यांनाच बरोबर घेऊन तणमोरासाठी गवताळ राने राखण्याचे काम करत आली आहे. ज्याला तणमोर कुठे उतरेल ते कळते, तोच त्याला राखूही शकतो. आपण त्याला संशयित म्हणून ओळखतो, गुरू म्हणून ओळखायला हरकत काय?

आणि बदके बोलवायचीच असतील तर त्यालाही उपाय आहे. स्पीकर घरी ठेवा. आपल्या तळ्यातली जलपर्णी काढा, सांडपाणी थांबवा, काठचे गवत राहू द्या. हिवाळ्यात तलवार बदक, थापट्या, चक्रवाक न बोलावता उतरतील. आपल्या पूर्व विदर्भातले जुने मालगुजारी तलाव हेच करत आले आहेत. त्यांनी कोणाला फसवले नाही, तरी थवे येतात.

ज्यांना हे पटले नाही त्यांनी जरूर भांडावे, माझी तयारी आहे. नवरंगाला मात्र भांडायला लावू नका.