धाप सगळीच कॅन्सरची नसते

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई यांस



धाराशिव जिल्ह्यातल्या वाशीहून हे पत्र लिहीत आहे. वाशी-भूमचा खवा लांबलांब जातो. तो आटतो लाकडाच्या जाळावर, आणि कढईत उलथणं फिरवणाऱ्याच्या नाकातोंडात तासन्‌तास धूर जात राहतो. घरी गॅस आला तरी अंघोळीचं पाणी आणि भाकरी अजून बऱ्याच ठिकाणी चुलीवरच. या धुराने विडीला कधी न शिवलेल्या माणसांनाही फुप्फुसाचा जुनाट आजार, म्हणजे सीओपीडी, होतो. पुण्याच्या डॉ. संदीप साळवी यांनी 2009 साली ‘लॅन्सेट’मध्ये हेच मांडलं होतं.

याच माणसांपैकी कुणाला पुढे फुप्फुसाचा कॅन्सर निघतो. बहुतेकदा उशिरा, पसरल्यावर. मग जिना चढताना लागणारी धाप, रात्री उठून बसणं, सगळं कॅन्सरच्या नावावर जमा होतं आणि जुना आजार कागदावर येतच नाही. वास्तविक फुप्फुसाच्या कॅन्सरच्या कितीतरी पेशंटना सीओपीडीही असतो. कॅन्सर बरा होण्याच्या पलीकडे गेला असला, तरी आवळलेल्या श्वासनळ्या औषधाने काही प्रमाणात मोकळ्या होतात. त्या दोन घासांच्या, दोन पावलांच्या आरामाला मी लहान मानत नाही.

जुना आजार असा नजरेआड राहण्याचा एक परिणाम फार गंभीर आहे. किमो झेपेल का, हे डॉक्टर पेशंटच्या ताकदीवरून ठरवतात. बसल्या जागी धापणाऱ्याला ‘झेपणार नाही’ असं म्हटलं जातं. ती धाप श्वासातून औषध ओढायच्या पंपाने (इनहेलरने) कमी होण्यासारखी असेल, तर आधी पंप सुरू करून मग ताकद जोखायला हवी.

आमच्या ओळखीतल्या एका मावशींच्या फायलीत सीटी स्कॅन होता, बायोप्सी होती. फुंकर मारून करायची श्वासाची तपासणी, म्हणजे स्पायरोमेट्री, नव्हती. पंपाच्या कॅप्सूल कुणीतरी लिहून दिल्या होत्या, त्या मावशी पाण्याबरोबर गिळत होत्या. यंत्रात कॅप्सूल फोडून जोरात आत ओढायची, हे त्यांना कुणी करून दाखवलंच नव्हतं.

शेजारच्या बार्शीत टाटा मेमोरियलच्या मदतीने 1987 पासून कॅन्सरची नोंदणी चालते. देशातली ती पहिली ग्रामीण नोंदणी. बार्शी, परंडा, भूम तालुक्यांतल्या गावागावांत फिरून ती उभी राहिली. मोजायचं ठरवलं तर आपल्याकडे मोजता येतं.

म्हणून मागणी अशी की फुप्फुसाच्या कॅन्सरच्या प्रत्येक पेशंटची, शक्य असेल तिथे, स्पायरोमेट्री व्हावी आणि ती तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात करता यावी. पंप सरकारी औषधखिडकीवर मिळावेत. किमो सरकारी आरोग्य योजनेत बसते, पण महिन्याच्या पंपाचे पैसे घरचे मोजतात. औषध देताना सिस्टरनी पंप ओढून घ्यायला लावावा, पुढच्या वेळी पुन्हा पाहावा. आणि शेवटच्या टप्प्यात हे सगळं करूनही जीव घाबरा होतो, तेव्हा कमी मात्रेतलं मॉर्फिन तालुक्याजवळ मिळावं. 2014 साली अमली पदार्थांच्या कायद्यात दुरुस्ती झाली ती अशा पेशंटपर्यंत ही औषधं सहज पोचावीत म्हणूनच. तरी घरातला माणूस गुदमरताना पाहत बसायची वेळ अजून येते.

वाशीत तपासणीचा दिवस ठरवा. आशाताईंच्या सोबतीने गावोगावचे पेशंट त्या दिवशी आणून बसवण्याचं काम आम्ही करू.

आपला,
वाशीतील एक नागरिक