निरोगी स्तनाचे ऊतिदान : आक्षेप आणि उत्तर

अमेरिकेतील इंडियानापोलिस शहरात, इंडियाना विद्यापीठाच्या कर्करोग केंद्रात, २००७ पासून एक ऊतिपेढी काम करते आहे. तिचे नाव सुसान जी. कोमेन टिश्यू बँक. तिथे येणाऱ्या बायकांना स्तनाचा कर्करोग नसतो. त्या निरोगी असतात आणि आपल्या निरोगी स्तनातील थोडी ऊती संशोधनासाठी देऊन घरी जातात. आजवर हजारो जणींनी असे दान केले आहे. २०१२ मध्ये त्या शहरात सुपर बोल हा अमेरिकन फुटबॉलचा अंतिम सामना व्हायचा होता. त्याआधीच्या एकाच शनिवार-रविवारी शेकडो जणी पेढीत आल्या. माझ्या मते हे दान योग्य आहे आणि आवश्यकही आहे. पण त्यावर घेतले जाणारे आक्षेप हलके नाहीत, म्हणून आधी त्यांचा विचार करू.

पहिला आक्षेप सहज सुचणारा आहे : धडधाकट शरीराला सुई का टोचायची? वैद्यकाचे पहिले व्रत अपाय न करण्याचे आहे, हे खरेच. म्हणून प्रत्यक्ष काय होते ते पाहावे. स्तनाचा छोटा भाग बधिर करतात, जाड सुईने सुमारे एक ग्रॅम ऊती काढतात, सोबत रक्ताचा नमुना घेतात. काही दिवस दुखते, काळेनिळे होते, क्वचित रक्तस्राव किंवा जंतुसंसर्ग होऊ शकतो. या सुईने कर्करोग होतो ही भीती मात्र निराधार आहे. दात्रीला स्वतःला वैद्यकीय लाभ काहीच नाही, आणि तो आहे असे कोणी भासवूही नये. पण रक्तदात्यालाही त्या दिवशी लाभ नसतो, तरी त्याचा हात टोचणे आपण गैर मानत नाही. सज्ञान स्त्रीने माहिती घेऊन, स्वेच्छेने पत्करलेला लहानसा त्रास म्हणजे अपाय नव्हे.

दुसरा आक्षेप संशोधनातून येतो : शस्त्रक्रियेत काढलेली ऊती आहे, उंदीर आहेत, प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशी आहेत, मग निरोगी बाईकडे कशाला जायचे? हा आक्षेप सर्वांत भक्कम वाटतो, पण तपासला की तोच सर्वांत आधी कोसळतो. गाठीशेजारची ऊती सूक्ष्मदर्शकाखाली निरोगी दिसली, तरी तिच्या पेशींत रेणूंच्या पातळीवर बदल झालेले असू शकतात. स्तन लहान करण्याच्या शस्त्रक्रियेतील ऊतीची पेढीतल्या ऊतीशी तुलना झाली, तेव्हा दोन्ही सारख्या नसल्याचे दिसले. ‘सामान्य’ म्हणून जगभर वापरली जाणारी एमसीएफ-१०ए ही पेशीमाला गाठाळ विकार असलेल्या एका स्त्रीच्या स्तनातून आली आहे. उंदराच्या स्तनग्रंथीची रचनाही वेगळी असते. माणसात बहुतेक स्तनकर्करोग जिथे सुरू होतात, ती दुग्धनलिकांच्या टोकांची खंडिका उंदरात तशी नसते. निरोगी कशाला म्हणायचे हेच ठरले नसेल, तर बिघाड नेमका कुठून सुरू झाला हे कसे ठरवणार?

तिसरा आक्षेप शोषणाचा आहे, आणि त्याच्यामागे इतिहास उभा आहे. १९५१ मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय स्त्रीच्या गर्भाशयमुखाच्या गाठीतील पेशी तिची परवानगी न घेता संशोधनासाठी घेतल्या गेल्या. त्यांतून अफाट विज्ञान उभे राहिले, व्यापारही झाला, आणि तिच्या कुटुंबाला अनेक वर्षे त्याचा पत्ता नव्हता. हा अन्याय विसरता कामा नये. पण त्यातून घ्यायचा धडा काय? ऊती मागूच नये, हा नव्हे. विचारल्याशिवाय घेऊ नये, हा आहे. कोमेन पेढीत दात्री स्वतः चालत येते, संमतिपत्रावर सही करते, आणि तिची ऊती नावाऐवजी सांकेतिक क्रमांकाने ठेवली जाते. लॅक्स यांना नाकारलेला प्रश्न इथे प्रत्येकीला विचारला जातो.

आक्षेपांना उत्तर झाले. आता या दानातून काय मिळते ते पाहू. ऊती काढल्यावर काही मिनिटांतच द्रव नायट्रोजनमध्ये गोठवतात, त्यामुळे पेशींची त्या क्षणाची अवस्था टिकते. तिच्यासोबत वय, बाळंतपणे, पाळीची तारीख, घरातील कर्करोगाचा इतिहास अशी माहिती नोंदवलेली असते. या नोंदींमुळेच पाळीच्या दोन टप्प्यांत स्तनाच्या पेशी कशा वेगळ्या वागतात, उत्तरार्धात त्यांचे विभाजन कसे वाढते, हे निरोगी ऊतीत अभ्यासता आले. याच विद्यापीठातील डॉ. हरिकृष्ण नक्षत्री आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगवेगळ्या वंशांच्या निरोगी स्त्रियांच्या ऊतींची तुलना केली. आफ्रिकी वंशाच्या स्त्रियांत काही विशिष्ट पेशींचे प्रमाण जास्त आढळले. ट्रिपल निगेटिव्ह हा स्तनकर्करोगाचा आक्रमक प्रकार त्या स्त्रियांत अधिक का दिसतो, याचा एक धागा इथे असू शकतो. आजारी ऊतीकडे कितीही बारकाईने पाहिले असते, तरी हा धागा हाती लागला नसता.

हा मुद्दा भारतीय स्त्रीला थेट लागू होतो. २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार भारतात त्या वर्षी स्तनकर्करोगाचे सुमारे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण आढळले आणि सुमारे ९८ हजार स्त्रियांचा त्याने मृत्यू झाला. आपल्याकडच्या रुग्णांचे सरासरी वय पाश्चात्त्य रुग्णांपेक्षा सुमारे दहा वर्षांनी कमी आहे. लोकसंख्या तरुण असणे हे त्याचे एक कारण आहे. ट्रिपल निगेटिव्ह प्रकारही इथे जास्त आढळतो. या साऱ्याचे कारण आपल्या निरोगी स्त्रियांच्या ऊतीत शोधायचे, तर ती ऊती हवी. परक्या वंशाच्या ऊतीवरून आपले निदान किती काळ ओढत न्यायचे?

भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०१७ च्या नैतिक मार्गदर्शक तत्त्वांत जैविक नमुने आणि जैवपेढ्यांसाठी नियम घालून दिलेले आहेत. त्या चौकटीत राहून निरोगी दात्रींना सन्मानाने बोलावता येईल, आणि ही जबाबदारी आपल्या कर्करोग संस्थांनी घ्यावी. मराठी स्त्री रक्तदानाच्या रांगेत उभी राहते, देहदानाचा अर्ज भरते. स्तनाचे नाव काढताच मात्र घरात कुजबुज सुरू होते. त्याच कुजबुजीपायी अनेक जणी गाठ हाताला लागूनही डॉक्टरकडे उशिरा पोहोचतात. ही लाज आता सोडू या. अशा दानाचे निमंत्रण कधी आले, तर माहिती मागा, प्रश्न विचारा, संमतिपत्र वाचा, आणि मन मान्य करील तर होकार द्या. तुमच्या निरोगी शरीरातील एक ग्रॅम ऊती तुमच्या लेकीच्या पिढीच्या उपयोगी पडू शकते.