नेपथ्याच्या लेखाशीर्षावरची कात्री

काटकसरीचे फर्मान सुटले की कचेरीत प्रथम कशावर गदा येते, हे या मासिकाच्या वाचकांस आम्ही सांगावयास नको. साहेबांची मोटार धावत राहते आणि शिपायाची छत्री कापली जाते. चित्रपटकलेच्या विद्यार्थ्यांचा कारभारही नेमका याच वळणाने चालला आहे. पैसा अपुरा पडला की नेपथ्य आणि वेशभूषा ही दोन लेखाशीर्षे सर्वांआधी खोडली जातात, आणि ती खोडणारा विद्यार्थी आपण मोठे व्यवहारचातुर्य दाखविले अशा समजुतीत असतो. आमचे म्हणणे याच्या अगदी उलट आहे. पैसा जितका कमी, तितकी कलादिग्दर्शकाची निकड अधिक. श्रीमंत निर्मात्याची भिंत चुकली तर तो दुसऱ्या दिवशी दुसरी उभारील. गरिबाला भिंत एकदाच उभारता येते. ती कोठे उभारावयाची हे जाणणारा माणूस त्याला नको, असे कोणी म्हणावे?

परंतु तसे म्हणणारे पुष्कळ आहेत, आणि त्यांनी आपल्या आळसाला 'वास्तववाद' असे भारदस्त नाव दिले आहे. मित्राची खोली आहे तशी घ्यावी, नटाने अंगावर असेल तो सदरा घालून यावे, झाले वास्तव! वर पुन्हा दाखला द्यावयाचा तो 'पथेर पांचाली'चा. हा दाखला देणाऱ्यांनी त्या चित्रपटाचा हिशेब एकदा नीट तपासावा. १९५२ साली चित्रण सुरू झाले, पैसे संपून वारंवार थांबले, अखेर पश्चिम बंगाल सरकारच्या पैशावर ते पुरे झाले आणि १९५५ साली चित्रपट लोकांपुढे आला. दिग्दर्शक सत्यजित राय यांचा तो पहिलाच चित्रपट. छायाचित्रकार सुब्रत मित्र यांनी त्यापूर्वी चलच्चित्राचा कॅमेरा चालविलेलाच नव्हता. मग त्या मंडळीत अनुभवी कोण होते? कलादिग्दर्शक बन्सी चंद्रगुप्त! फ्रेंच दिग्दर्शक झाँ रेन्वार यांनी बंगालमध्ये काढलेल्या 'द रिव्हर' या चित्रपटाच्या नेपथ्यावर त्यांनी काम केले होते. म्हणजे ज्या चित्रपटाला सर्वस्वी नवखा छायाचित्रकार चालला, त्याचे नेपथ्य मात्र जाणत्या हाती होते. बोडाल गावातील ते पडके घरही 'आहे तसे' वापरलेले नाही. ते चित्रणायोग्य करून घ्यावे लागले, आणि त्या घरातील रात्रीचे प्रसंग तर कलकत्त्याच्या स्टुडिओत चित्रित झाले. पुढल्या वर्षीच्या 'अपराजितो'मधील काशीच्या घराचा चौकही स्टुडिओतच बांधलेला आहे. वर कापड ताणून त्यावर दिव्यांचा झोत टाकला आणि परतून आलेल्या मवाळ प्रकाशाला आकाशाचे काम दिले. तो चौक पाहून ज्यांना वास्तववादाची आठवण येते त्यांनी सुताराचीही आठवण ठेवावी.

हे चंद्रगुप्त बंगाली नव्हते, काश्मीरहून आलेले होते. मुलखाबाहेर आयुष्य काढणाऱ्यांना याचे नवल वाटू नये. ज्या उंबरठ्यावर आपण जन्मलो तो आपल्याला दिसेनासा होतो. दुसऱ्याच्या उंबरठ्याची झीज मात्र पहिल्याच दिवशी डोळ्यांत भरते.

आमची स्वतःची परंपरा तरी काय सांगते? पुण्याची चित्रपटशिक्षणाची सरकारी संस्था १९६० साली प्रभातच्या जागेत सुरू झाली. ती जागा ज्यांनी गाजविली त्यांपैकी दामले आणि फत्तेलाल हे कोल्हापुरास बाबूराव पेंटर यांच्या हाताखाली तयार झालेले, आणि खुद्द बाबूराव नाटकांचे पडदे रंगविणारे. १९३६ चा 'संत तुकाराम' दिग्दर्शित करणारे हे दोघे कुंचला आणि हातोडा धरूनच वर आले होते. आज त्याच विद्येच्या नवशिक्यांनी कुंचलेवाल्याला यादीच्या तळाशी ढकलावे, याला प्रगती म्हणावयाचे काय? कोल्हापूरच्याच भानू अथैया यांना १९८३ साली वेशभूषेचे ऑस्कर पारितोषिक जॉन मोलो यांच्यासह मिळाले, तेही 'गांधी' या चित्रपटासाठी. त्याचा नायक उत्तरार्धात पंचा नेसून वावरतो! वेशभूषा म्हणजे जरतार, या समजुतीला याहून चांगले उत्तर आम्हांस सुचत नाही.

आता आणखी एक युक्तिवाद. 'हे सारे पटले, पण पैसा कोठून आणावा?' पैसा आहे. तो कोठे जातो ते पाहावे. समजा, एका लघुपटासाठी ५०,००० रुपये जमले. त्यांतले ३०,००० कॅमेरा आणि भिंगे यांच्या भाड्यात गेले, १५,००० प्रवासात व जेवणखाणात, आणि उरलेल्या ५,००० रुपयांत एक माणूस, त्याचे घर आणि त्याची तीस वर्षे उभी करावयाची. मग नायिकेचे लुगडे आदल्या रात्री मावशीकडून येते आणि बेकार नायकाच्या सदऱ्याला दुकानातील घडी तशीच राहते. भिंग जितके उंची, तितकी ती घडी अधिक स्पष्ट दिसते! भाड्याचे दोन दिवस तीनांतून वगळावेत आणि ते पैसे वेळेवर कलादिग्दर्शकाच्या हाती द्यावेत. वेळेवर म्हणजे संहिता हाती येताच, चित्रणाच्या आदल्या आठवड्यात नव्हे.

कारण हे काम पैशाहून वेळ अधिक खाते. कथेत दिवस किती, कोणता माणूस कोणत्या दिवशी काय नेसतो, कोणता कपडा भिजतो वा फाटतो आणि म्हणून त्याच्या दोन जोड्या लागतात, याचा तक्ता आधी मांडावा लागतो. मग बोहारणीला गाठावे. भांड्यांच्या बदल्यात तिने गोळा केलेल्या जुन्या कपड्यांत जी झीज असते ती ड्रेसवाल्याच्या कपाटात मिळत नाही. तेथे प्रत्येक शेतकऱ्याचा फेटा कालच रंगविलेला. अहमदाबादेस साबरमतीकाठचा रविवारचा गुजरी बाजार आहे, हैदराबादेस जुमेरात बाजार आहे. तेथे भांडी, पेट्या, घड्याळे सारे मिळते, मात्र पायपीट हवी. नवे पांढरे कापड कॅमेऱ्यापुढे डोळ्यांत खुपते. ते चहाच्या पाण्यात बुडवून काढले की निवते. कॉलर आणि बाह्यांच्या कडांवर पॉलिश कागद घासला की पाच वर्षे लोटतात. बारीक चौकड्यांचा सदरा टाळावा, तो पडद्यावर लुकलुकतो. खोली उभारावयाची तर चार भिंती कशाला? लाकडी पट्ट्यांच्या चौकटीवर प्लायवूड ठोकून काटकोनात दोन भिंती उभ्या केल्या आणि खिडकीची जागा बदलली की त्याच दोन भिंतींतून दुसरे घर निघते. रंग कोरडा झाल्यावर खरे काम सुरू होते: चुलीवरचा धुराचा पट्टा, दिव्याच्या बटणाभोवतीचा बोटांचा डाग, पाठ टेकून टेकून तुकतुकीत झालेला भाग. यातल्या कशालाही शंभराची नोट लागत नाही.

जुना काळ दाखविण्याची हौस तर विचारूच नये. कथा १९६५ सालची असो की १९३० ची, ग्रामोफोन आणि कंदील हजर! १९६५ सालच्या घरातील बहुतेक वस्तू १९६५ सालच्या नसतात. कपाट सासऱ्याचे, घड्याळ आजोबांचे, आणि नवे एवढे एक कॅलेंडर, ही साधी गोष्ट यांच्या ध्यानी येत नाही. आणि सरकारी नोकराचे बिऱ्हाड? विद्यार्थ्यांच्या पडद्यावर ते आम्ही आजवर खरे पाहिलेले नाही. खुर्चीच्या पाठीमागे पांढऱ्या रंगाने घातलेला क्रमांक, बदलीच्या खोक्यांवर गादी घालून केलेली बैठक, तिच्यावर पडद्याच्या उरलेल्या कापडाची खोळ, मागल्या बंगल्याच्या मापाने शिवलेले आणि या खिडक्यांना तोकडे पडणारे ते पडदे; हे दृश्य विकत घ्यावे लागत नाही, कोणाच्या तरी घरी जाऊन तासभर गप्प बसावे लागते.

दोष एकट्या मुलांचा नव्हे. परीक्षक आणि महोत्सवांचे पंच छायाचित्रणाला टाळ्या देतात. हा सदरा याच माणसाचा कशावरून, असा प्रश्न तोंडी परीक्षेत क्वचितच निघतो. गुण जेथे, तेथे पैसा जाणार.

तेव्हा एखादा भाचा किंवा शेजाऱ्याची मुलगी दोन दिवसांसाठी आपल्या क्वार्टरची बैठकीची खोली मागावयास आली, तर नियमांत बसत असल्यास ती द्यावी. जुने कपडे मागितले तर तेही द्यावेत, मात्र धोब्याकडे न पाठविता. आणि चित्रणाच्या दिवशी घरातील मंडळींनी पाहुणे यावयाचे आहेत अशा समजुतीने खोली आवरून ठेवू नये, एवढे मात्र आधी बजावून ठेवावे.