पोकळ डोक्याची गोष्ट

बॉसबरोबर गोल्फला जायचं म्हणून नवा ड्रायव्हर (गाडीचा नव्हे, पहिल्या लांब फटक्याचा क्लब) घेताय? थांबा राव! आधी त्याच्या डोक्यात काय आहे ते बघू.

डोकं तसं पोकळच. नियमाप्रमाणे ४६० घन सेंटिमीटरपर्यंत. पुढचा पत्रा पातळ, चेंडू लागला की दबतो नि उसळतो. घोळ असा, की त्याच क्षणी वरचं छप्पर आणि खालचा तळही फुगतात आणि थोडा जोर तिथंच जिरतो. २०१७ साली कॅलवेनं 'एपिक'मध्ये यावर तोड काढली. पत्र्याच्या मागे टायटॅनियमचे दोन उभे दांडे, छपरापासून तळापर्यंत. वाकायचं ते पत्र्यानंच!

कित्येक क्लबांत आतून बारीक फासळ्याही असतात, त्या बऱ्याचदा आवाजासाठी. नाहीतर एवढा डबा पिंपासारखा वाजतो. (मला आवडतो, पण लोक वळून बघतात.)

दुकानदार 'वीस यार्ड जास्त' म्हणाला तर नुसतं हसा. उसळीलाही नियम आहे. छोटा लोलक पत्र्यावर आपटून स्पर्श किती वेळ टिकतो ते मोजतात. २५७ मायक्रोसेकंदांच्या पुढे गेला की क्लब बाद. दांडे कितीही ठोका! त्यापेक्षा सेकंडहँड घ्या, उरलेले पैसे कोचला द्या. आणि बॉसपेक्षा लांब मारायचा का, हे अप्रेझलची तारीख बघून ठरवा.