वाढीला वेसण हवी



राबावर कधी कधी चार-दोन रोपे बाकीच्यांपेक्षा वीतभर उंच दिसतात. नवखा म्हणेल, काय जोम आहे! जाणता शेतकरी मात्र ती फिकट, हडकुळी रोपे उपटून टाकतो. रोपात शिरलेली बुरशी वाढीचे द्रव्य सोडते, म्हणून ती उंच होतात. अशी रोपे बहुधा दाणा न भरताच मरतात.

माणसातही नुसती वाढ म्हणजे आरोग्य नव्हे. मेंदूच्या तळाशी, नाकाच्या मुळामागे, वाटाण्याएवढी पियुषिका ग्रंथी असते. वाढीचे द्रव्य तीच रक्तात सोडते. तिच्या पेशी बेसुमार वाढू नयेत म्हणून वेसण घालणारे एक प्रथिन आहे, ए.आय.पी. हे डाळीतले प्रथिन नव्हे. शरीर ते स्वतः घडवते. त्याच्या जनुकात जन्मतः दोष असेल तर वेसण सैल पडून ग्रंथीत गाठ होऊ शकते, हे २००६ साली फिनलंडमधील संशोधनातून कळले.

आयर्लंडचा चार्ल्स बर्न सुमारे साडेसात फूट उंच होता. त्याला पाहायला लंडनमध्ये लोक पैसे मोजत. १७८३ साली, अवघ्या २२ व्या वर्षी तो वारला. २०११ साली त्याच्या दातांच्या तपासणीत हाच दोष सापडला. त्याच मुलखातल्या आजच्या काही कुटुंबांतही तो आहे.

घाबरू नका. अशा बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात, आनुवंशिकही नसतात. दोष मुलात उतरला तरी प्रत्येकाला गाठ होत नाही. तेव्हा करणी, नजर म्हणू नका, सोयरीकही मोडू नका.

लक्ष मात्र ठेवा. मूल भावंडांना मागे टाकून झपाट्याने उंच होते आहे का? मोठ्या माणसाची अंगठी, जोडवी घट्ट होतात, चपलेचा नंबर वाढतो, जबडा पुढे येतो, दातांत फटी पडतात, डोके सतत दुखते, बाजूचे कमी दिसते? हा बदल इतका सावकाश होतो की घरच्यांना उमगत नाही. लग्नातला फोटो काढून चेहरा ताडून पाहा.

शंका आली तर आधी कर्जतच्या उपजिल्हा रुग्णालयात दाखवा. पुढे मुंबईला परळच्या के.ई.एम. रुग्णालयात अंतःस्रावी ग्रंथींचा स्वतंत्र विभाग आहे. रक्त आणि एम.आर.आय. तपासून निदान होते. गाठ बहुधा नाकावाटे काढतात. वेळेवर गेलात तर नजर वाचते, मधुमेह आणि हृदयाचा त्रासही टळू शकतो. घरात दुसऱ्या कोणाला असा आजार झाला असेल, तर तेही डॉक्टरांना आवर्जून सांगा.