जळक्या रिळांची ब्लू-रे

सत्यजित राय यांच्या 'पथेर पांचाली' (1955), 'अपराजितो' (1956) आणि 'अपूर संसार' (1959) या तीन चित्रपटांचा, म्हणजे अपूच्या कथेचा, संच अमेरिकेतल्या क्रायटेरियन कंपनीने नोव्हेंबर 2015 मध्ये ब्लू-रेवर काढला. पुढे तो 4के अल्ट्रा एचडीवरही आला. जुना चित्रपट घरी पाहण्यासाठी डिस्क घेणारा नेमके काय विकत घेतो, हे समजून घ्यायला याच्याइतका बोलका संच सापडणे कठीण. वेष्टनावर '4के' ठळक अक्षरांत छापलेले असते. डिस्कचा कस मात्र ती कोणत्या रिळावरून काढली यावर ठरतो, आणि ती माहिती बहुधा आतल्या पुस्तिकेत बारीक टायपात असते.

फिल्मच्या जमान्यात चित्रपटाच्या पिढ्या असत. कॅमेऱ्यातून निघते ती मूळ निगेटिव्ह. तिच्यावरून फाइन-ग्रेन मास्टर पॉझिटिव्ह, त्यावरून डुप्लिकेट निगेटिव्ह आणि तिच्यावरून थिएटरांत जाणाऱ्या प्रिंटा. प्रत्येक पायरीवर थोडा तपशील गळतो. सावल्या काळ्याकुट्ट होत जातात आणि उजेडाच्या जागा पांढऱ्याफटक. भारतात अनेकदा मधल्या पायऱ्यांचा खर्च टाळून मूळ निगेटिव्हवरूनच प्रिंटा काढल्या जात. त्यामुळे चित्रपट जितका जास्त चालला, तितकी त्याची निगेटिव्ह झिजली. लोकप्रियतेची ही शिक्षा आपल्याकडच्या बऱ्याच गाजलेल्या चित्रपटांनी भोगली आहे.

घरच्या पडद्यावर हे चित्रपट पोहोचले ते बहुतांशी वापरून झालेल्या प्रिंटांवरून. व्हीसीडीचे चित्र 352 बाय 288 बिंदूंचे आणि एका डिस्कची मजल साधारण 74 मिनिटांची; सव्वादोन तासांचा चित्रपट म्हणजे मध्ये उठून डिस्क बदलणे आलेच. डीव्हीडीने बिंदू चौपट केले, ब्लू-रेने डीव्हीडीच्या पाचपट, आणि 4केने पुन्हा त्याच्या चौपट. 2007 मध्ये मोझर बेअर कंपनीने 28 रुपयांत व्हीसीडी आणि 34 रुपयांत डीव्हीडी बाजारात आणली, तेव्हा जुने चित्रपट घरोघरी गेले. हे काम मोठेच होते. पण त्या स्वस्ताईच्या काळात कोणाच्याही स्वस्त डिस्कवर कोपऱ्यात कंपनीचे बोधचिन्ह, गाण्याची छाटलेली कडवी, चौकटीबाहेर कापलेली डोकी हे सगळे चालून गेले आणि प्रेक्षकाला 'जुना चित्रपट असाच दिसायचा' अशी सवय लागली. ती सवय मोडायला अपूचा हा संच उपयोगी पडतो.

राय यांना 1992 मध्ये मानद ऑस्कर देण्याचे ठरले तेव्हा समारंभात दाखवायला त्यांच्या चित्रपटांतले धड तुकडे मिळेनात, इतक्या प्रिंटा खराब झाल्या होत्या. त्यातून जतनाची हालचाल सुरू झाली आणि निगेटिव्ह लंडनच्या हेंडरसन फिल्म लॅबोरेटरीजमध्ये गेल्या. जुलै 1993 मध्ये तिथे आग लागली. जुनी नायट्रेट फिल्म एकदा पेटली की तिला बाहेरच्या हवेचीही गरज उरत नाही, ती पाण्याखालीही जळत राहते. राय यांच्या अनेक चित्रपटांच्या निगेटिव्ह त्यात होरपळल्या. उरलेले डबे, वितळलेली रिळे, राख असे जे काही होते ते ऑस्कर देणाऱ्या अकादमीच्या फिल्म आर्काइव्हकडे रवाना झाले. ते दुरुस्त करू शकेल अशी प्रयोगशाळा त्या वेळी नव्हती. आर्काइव्हने ते फेकून दिले नाही, इतकेच. त्या न फेकण्याचे मोल कळायला वीस वर्षे जावी लागली.

2013 मध्ये क्रायटेरियनने काम हाती घेतले आणि हे डबे इटलीतल्या बोलोन्या शहरातील 'लिमाजिने रित्रोवाता' या प्रयोगशाळेत उघडले गेले. फिल्म कोरडी ठणठणीत, हात लावताच तुटणारी. आधी तिच्यात रासायनिक प्रक्रियेने ओलावा परत आणावा लागला. मग जवळजवळ हजार तास हाताने काम चालले: फिल्मच्या कडेची, यंत्राचे दात ज्यांत बसतात ती छिद्रे नव्याने बांधणे, वितळून चिकटलेली टेप, गोंद आणि मेण खरवडून काढणे. एवढे झाल्यावर स्कॅनिंग. शेवटी 'पथेर पांचाली'चा 40 टक्के आणि 'अपराजितो'चा 60 टक्क्यांहून अधिक भाग मूळ निगेटिव्हवरून उतरवता आला. 'अपूर संसार'ची वाचलेली दोन रिळे मात्र कामाची नव्हती; तो चित्रपट पूर्णपणे फाइन-ग्रेन मास्टर आणि डुप्लिकेट निगेटिव्हवरून घेतला गेला. पहिल्या दोघांतली भोकेही जगभरच्या संग्रहांत सांभाळलेल्या अशाच प्रतींनी बुजवली. धूळ, भेगा आणि वाकलेल्या चौकटी काढण्याचे डिजिटल काम नंतर न्यूयॉर्कमध्ये काही महिने चालले. मे 2015 मध्ये हे चित्रपट न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये दाखवले गेले. 'पथेर पांचाली'चा पहिला खेळही साठ वर्षांपूर्वी, मे 1955 मध्ये, तिथेच झाला होता.

याचा परिणाम पडद्यावर दोन ठिकाणी विशेष जाणवतो. एक, 'अपराजितो'तले बनारसचे घर. पावसाळ्यामुळे ते अंगण कोलकात्याच्या स्टुडिओत उभारावे लागले. छायाचित्रकार सुब्रत मित्र यांनी वर पांढरे कापड ताणले आणि दिव्यांचा प्रकाश त्यावर फेकून परतवला. आभाळातून उतरल्यासारखा, सावल्या न पाडणारा तो मऊ उजेड जुन्या डिस्कवर नुसता करडा चिखल होता. आता भिंतीचा पोत आणि चेहऱ्यावरची छटा वेगवेगळी कळते. स्टुडिओ आहे हे माहीत असूनही विश्वास बसत नाही. दुसरी जागा आवाजाची. 'पथेर पांचाली'त अपूची बहीण दुर्गा हिच्या मृत्यूनंतर वडील हरिहर गावी परततो, आणलेल्या वस्तू एकेक काढून दाखवतो आणि दुर्गेसाठीची साडी हाती येताच आई सर्वजया कोसळते. तिचा हंबरडा ऐकू येत नाही. त्याजागी तार-शहनाई या वाद्याचा स्वर चढत जातो. जुन्या प्रतींत हा स्वर खरखरीत फाटलेला असे आणि प्रेक्षक कानावर हात ठेवण्याच्या बेतात येई. स्वच्छ ध्वनिपट्टीवर तो नेमका किती वेळ आणि किती उंच नेला आहे, हे प्रथमच नीट ऐकू येते.

स्वच्छतेचा अतिरेकही होतो, आणि तो झिजलेल्या प्रतीपेक्षा वाईट. फिल्मचे चित्र कणांचेच बनलेले असते. ते कण 'घाण' समजून संगणकाने पुसले की त्वचेवरच्या सुरकुत्या, कापडाची वीण सगळे त्यांच्याबरोबर जाते आणि माणसे मेणाच्या बाहुल्या दिसू लागतात. हॉलीवूडच्या 'प्रीडेटर'ची 2010 मधली ब्लू-रे याच कारणासाठी कुप्रसिद्ध आहे. 'पथेर पांचाली'तल्या इंदिर ठाकरूनचा, म्हणजे चुनीबाला देवींचा चेहरा असा पुसला असता तर चित्रपटात उरले काय असते? या संचात कण शाबूत ठेवले आहेत; काही ठिकाणी बारीक ओरखडे आणि प्रकाशाची थरथरही ठेवली आहे, आणि ते योग्यच आहे. आपल्याकडे गाडी उलट्या दिशेने गेली. 'मुघल-ए-आझम' 2004 मध्ये आणि 'नया दौर' 2007 मध्ये रंगवून पुन्हा प्रदर्शित झाले. कृष्णधवल चित्रपटाला रंग देणे ही दुरुस्ती नव्हे, दिग्दर्शक आणि छायाचित्रकाराच्या कामावर केलेली कुरघोडी आहे. तेवढा पैसा मूळ प्रत वाचवायला लागला असता तर बरे झाले असते.

महाराष्ट्रातही आग लागलेली आहे. जानेवारी 2003 मध्ये पुण्यात, पूर्वीच्या प्रभात स्टुडिओच्या आवारात, म्हणजे आजच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये, नायट्रेट रिळांचे कोठार जळाले. मूळ नायट्रेट गेले की त्यावरून पूर्वी सहज पेट न घेणाऱ्या सेफ्टी फिल्मवर काढून ठेवलेल्या प्रतींवरच भिस्त राहते. म्हणजे पिढी एकाने खाली. दामले-फत्तेलाल यांचा 'संत तुकाराम' (1936) 1937 च्या व्हेनिस महोत्सवात गौरवला गेला होता. तुकारामांची भूमिका करणाऱ्या विष्णुपंत पागनीसांच्या चेहऱ्यावरचा तो निर्मळ भाव बारीक छटांवर उभा आहे, आणि पिढी उतरली की आधी त्याच छटा जातात. अशा चित्रपटाला जगभरचे संग्रह धुंडाळून सर्वांत जवळची प्रत शोधण्याचे काम हवे. ते अशक्य नाही. राष्ट्रीय चित्रपट वारसा अभियानात 'श्यामची आई' (1953) दुरुस्त होऊन 2023 मध्ये गोव्याच्या इफ्फी महोत्सवात दाखवला गेला. मुंबईच्या फिल्म हेरिटेज फाउंडेशनने दुरुस्त केलेला 'मंथन' 2024 मध्ये कान महोत्सवात आणि मग आपल्याकडच्या थिएटरांतही आला. पण महोत्सवातला एक खेळ आणि घरी हवा तेव्हा काढून पाहता येणारी चांगली डिस्क यांत फरक आहे, आणि मराठी अभिजात चित्रपटांची गाडी बहुतेकदा पहिल्यापाशीच थांबते.

अपूचा संच परदेशातून मागवणाऱ्यांसाठी एक तांत्रिक अडचण आहे. ब्लू-रेवर प्रदेशाचे कुलूप असते. क्रायटेरियनच्या अमेरिकेतल्या ब्लू-रे 'ए' प्रदेशाच्या, तर भारत 'सी' प्रदेशात मोडतो. त्यामुळे साध्या प्लेअरवर त्या चालत नाहीत, सर्व प्रदेशांच्या डिस्क चालवणारा प्लेअर लागतो. 4के अल्ट्रा एचडी डिस्कना हे कुलूप नसते, पण त्यांना 4के प्लेअर लागतो, आणि सोबतच्या पेटीत ब्लू-रे असेल तर तिला जुनाच नियम लागू होतो.