दिसले ते लिहा

माझे मत असे आहे की प्रॅक्टिकलच्या फाइलमध्ये ‘दिसले, पण कळले नाही’ असा एक रकाना हवा. हे मला सुचले ते एम ८७ या दीर्घिकेबद्दल वाचताना.

कन्या तारकासमूहातली ही दीर्घिका आपल्यापासून सुमारे ५.५ कोटी प्रकाशवर्षे दूर आहे. १९१८ साली अमेरिकेतील लिक वेधशाळेच्या हेबर कर्टिस यांनी तिच्या केंद्राला जोडलेला एक विचित्र सरळ किरण नोंदवला. तो कशाचा, हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते. अशा दीर्घिका आपल्या आकाशगंगेच्या बाहेर आहेत का, यावरच वाद चालू होता. कर्टिस यांनी ओढूनताणून कारण दिले नाही. दिसले तसे लिहिले.

१९४९ मध्ये ऑस्ट्रेलियातील बोल्टन, स्टॅन्ली आणि स्ली यांनी एका प्रखर रेडिओ स्रोताचे ठिकाण याच दीर्घिकेशी जुळवले. १९५६ मध्ये वॉल्टर बाडे यांनी त्या किरणाचा प्रकाश ध्रुवित असल्याचे दाखवले. म्हणजे तो ताऱ्यांचा प्रकाश नव्हता. चुंबकीय क्षेत्रात जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने गिरक्या घेणाऱ्या इलेक्ट्रॉनांचा तो प्रकाश होता, आणि रेडिओ लहरीही त्याच प्रक्रियेतून येत होत्या. तो किरण म्हणजे केंद्रातून सुटलेला झोत होता. त्या केंद्रातल्या कृष्णविवराचे, सुमारे ६५० कोटी सूर्यांच्या वस्तुमानाचे, चित्र २०१९ मध्ये जगाने पाहिले.

नकाशावाचनात एका बेअरिंगवरून फक्त रेषा मिळते. जागा ठरवायला दुसरे बेअरिंग लागते. इथे पहिले प्रकाशाचे होते, दुसरे रेडिओचे. पण दोन्ही प्रामाणिकपणे घेतलेली असतील, तरच रेषा योग्य जागी छेदतात.

प्रयोगशाळेत मात्र तीस जणांचे उत्तर एकच येते, पुस्तकातले. वेगळे रीडिंग आले की शेजाऱ्याची फाइल पाहून ते ‘दुरुस्त’ होते. एकसारखेपणा परेड मैदानावर शोभतो, फाइलमध्ये नाही. टेहळणीला गेलेल्या जवानानेही पाहिलेले सांगायचे असते, वरिष्ठांना आवडेल ते नव्हे.

वेगळ्या रीडिंगमागे बहुतेक वेळा चूक उपकरणाची किंवा आपलीच निघेल, हे मान्य. पण ती शोधायलाही खरा आकडा लिहिलेला लागतो. गुण जाण्याची भीतीही खरी आहे. म्हणून शिक्षकांना विनंती : लगेच गुण कापू नका, ‘पुन्हा घे’ म्हणा. पुन्हा तेच आले, तर त्या रकान्यात राहू द्या.